फूल छाटलं की कंद भरतो

एप्रिल सरता सरता नेदरलँड्सच्या किनारपट्टीवरच्या शेतांत एक यंत्र उतरतं. लाल, पिवळ्या, जांभळ्या पट्ट्यांवरून ते संथपणे पुढे जातं आणि त्याच्या मागे नुसती हिरवी पानं उरतात. फुलं छाटलेली. दोन दिवसांपूर्वी याच बांधावर जगभरचे लोक फोटो काढत उभे असतात. पाहुण्याच्या पोटात कालवतं. शेतकऱ्याचा जीव मात्र भांड्यात पडतो, कारण त्याचं पीक जमिनीखाली आहे आणि ते भरायला आता कुठे सुरुवात होणार आहे.

या कामाला डच शब्द आहे ‘कोपन’. शब्दशः, डोकं उडवणं. ट्युलिप आणि डच माणूस यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर फुलांच्या गालिचापेक्षा या छाटणीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. गालिचा कुणालाही आवडेल. तो ऐन बहरात कापायला लागणारा धीर त्या मातीतला आहे.

छाटायचं कशासाठी? फुलात बी धरू लागलं की झाडाची ताकद बोंडाकडे वळते. म्हणून फूल मानेशी उडवतात. देठ आणि पानं मात्र शाबूत राहिली पाहिजेत, कारण पुढचे सहा-आठ आठवडे तीच ऊन खाऊन कंद पोसणार असतात. यंत्राचं पातं जरा खाली गेलं आणि वरची पानं कापली गेली, तर जुलैत कंदाच्या मापात त्याची वजाबाकी दिसते. दुसरं कारण रोगाचं. गळालेली पाकळी पानाच्या बेचक्यात चिकटून राहिली आणि वर पाऊस झाला, की तिथून बोट्रायटिस बुरशी पसरते. पानं जागोजाग भाजल्यासारखी दिसतात. डच शेतकरी या रोगाला ‘आग’ म्हणतो. आपला कांदा उत्पादक अशाच लक्षणांना ‘करपा’ म्हणतो. भाषा दोन, नजर एकच.

मग मुळात फुलू तरी का देतात? कारण फूल हीच त्या झाडाची ओळख. पिवळ्या वाणाच्या वाफ्यात एखादा लाल कंद मिसळला असेल, तर तो कळण्याची वर्षातली ही एकच संधी. पाकळीवर फाटल्यासारखी रेघ दिसली, तर ते झाड विषाणूने धरलेलं. हे बघून झालं की फुलाचं शेतातलं काम संपतं. पूर्वी या छाटलेल्या फुलांचे बांधावर ढीग लागत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी वसंतात फुलबाग बघायला आलेल्या मोटारींच्या तोंडावर फुलांचे हार बांधलेले असायचे आणि रस्त्याच्या कडेला मुलं ते हार विकायची. पुढे ही पद्धत विरळ होत गेली.

ट्युलिपच्या कंदाचा स्वभाव एकदा समजला, की पुढची सगळी शेती उलगडते. नोव्हेंबरमध्ये जो कंद पुरला, तो जुलैत हाती येतच नाही. तो स्वतःला पूर्ण संपवून टाकतो. त्याच्या पापुद्र्यांच्या बगलेत नवे कंद तयार होतात, एक मोठा आणि दोन-चार पिल्लं, आणि जुन्याचं नुसतं वाळलेलं साल उरतं. मोठा कंद बाजारात जातो, पिल्लं पुन्हा जमिनीत. हे दरवर्षी. त्यामुळे नवा वाण बाजारात आणणं म्हणजे अर्ध्या आयुष्याचं काम. बियापासून पहिलं फूल दिसायलाच पाच-सात वर्षं लागतात. ते मनाजोगतं निघालं, तर हातात एक कंद. वर्षाला दुप्पट धरले, तर दहा वर्षांनी हजार आणि वीस वर्षांनी दहा लाख. मधे एखाद्या वर्षी विषाणू शिरला, तर पुन्हा शून्य. ज्या माणसाने परागकण लावले, त्याच्या मुलाच्या हातून पहिली मोठी विक्री व्हावी, असं या धंद्यात सर्रास होतं.

जूनच्या अखेरीपासून काढणी. आपल्याकडे कांद्याची मान पडली की काढायची वेळ होते, तसं इथे पानं पिवळी पडून मलूल होण्याची वाट बघतात. भारी चिकणमातीत कंद ढेकळांसकट निघतो, म्हणून तिथे लागवडीच्या वेळीच खाली एक आणि वर एक अशी जाळी अंथरतात. काढणीला ती जाळी उचलली की कंद आपोआप वर येतात. मग वाळवणी, आणि तीही घाईने. ओला कंद ढिगात पडून राहिला तर दुसऱ्या दिवसापासून बुरशी लागते. म्हणून त्याच दिवशी पेट्यांमधून जोरदार वारा सोडतात. त्यानंतर सोलणी, म्हणजे जुनं साल आणि मुळं झटकून कंद सुटे करणं. हे काम पिढ्यान् पिढ्या उन्हाळी सुट्टीत शाळकरी पोरांनी केलं. लिसे, हिलेखोम, नोर्डवाइकरहाउट या गावांतल्या कितीतरी माणसांची आयुष्यातली पहिली कमाई कंद सोलून झालेली आहे. आता यंत्रं आहेत, आणि यंत्रांपाशी बहुतेक वेळा पोलंडहून किंवा पूर्व युरोपातून आलेले मजूर. डच ट्युलिपला हल्ली कुणाचे हात लागतात, हे त्या फुलाची गोष्ट सांगताना वगळू नये.

प्रतवारी घेराच्या सेंटिमीटरवर होते. दहा-अकरा, अकरा-बारा, बारा आणि वर. त्यापेक्षा लहान ते बियाणं. यानंतरचा काळ साठवणीचा, आणि इथली सर्वांत मोठी चूक डोळ्यांना दिसत नाही. फ्युझेरियम बुरशी लागलेला कंद आंबूस वास सोडतो, त्याला शेतकरी ‘आंबट’ कंद म्हणतात. वासापाठोपाठ त्यातून इथिलीन वायू निघतो. एक कोटी भाग हवेत एक भाग इथिलीन झालं, तरी शेजारच्या निरोगी कंदातली कळी जळू शकते. वरून कंद टणक, देखणा आणि आत फूल मेलेलं. गिऱ्हाइकाला हे कळतं सहा महिन्यांनी, जेव्हा पानं येतात आणि कळी येत नाही. म्हणून साठवणीच्या खोलीत इथिलीनची मोजणी चालते आणि त्यानुसार वारा कमी-जास्त होतो. घरी कंद आणून फ्रिजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवणारा माणूस नकळत हीच चूक करत असतो. पिकणारं फळ इथिलीन सोडतंच.

कोरड्या कंदाच्या पोटात ऐन उन्हाळ्यात फूल घडतं, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. साधारण सतरा ते वीस अंशांच्या खोलीत, माती नाही, पाणी नाही, आणि आत आधी पाकळ्या, मग पुंकेसर, शेवटी तीन भागांचा स्त्रीकेसर आकार घेतो. हा शेवटचा भाग झाला की नाही, ते बघायला काही कंद उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तो पूर्ण होईपर्यंत थंडी द्यायची नाही. घाई केली तर फूल अर्धवट राहतं. पूर्ण झालं, की मग पाच ते नऊ अंशांची बारा ते सोळा आठवडे थंडी लागते. ती मिळाली नाही तर देठ लांबत नाही आणि फूल पानांच्या घोळातच उमलून बसतं. या थंडीचं वेळापत्रक नीट सांभाळूनच हरितगृहवाला डिसेंबरात, जानेवारीत फुलं काढतो. बाहेरच्या शेतात ही थंडी हिवाळा देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन निवली की उंचीच्या तिप्पट खोलीवर कंद लावायचे आणि रेताड जमिनीवर वरून गव्हाचा पेंढा पसरायचा, म्हणजे कंद गोठत नाहीत आणि वाळू उडत नाही.

हे सगळं याच भूमीत का जमलं? हारलेम आणि लायडन यांच्यामध्ये समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागे चुनखडीयुक्त रेतीचा पट्टा आहे. त्यातल्या कित्येक टेकड्या माणसांनी खणून सपाट केल्या. वाळू होड्यांतून वाढत्या शहरांकडे गेली आणि खाली उरलेल्या सपाटीवर कंदांची शेती आली. या रेतीत पाणी साचत नाही आणि कंद स्वच्छ निघतो. पण निव्वळ रेती असती तर पीक वाळून गेलं असतं. खरी करामत पाण्याच्या पातळीची आहे. शेताभोवतीच्या चरांतलं पाणी असं राखलेलं असतं, की जमिनीखालचं पाणी पृष्ठभागापासून साधारण साठ सेंटिमीटरवर राहावं. मुळांना खालून ओल पोचते आणि कंद कोरडा राहतो. दहा सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे झालं तर पीक बिघडतं. हे एकट्या शेतकऱ्याच्या हातचं काम नव्हे. शेजारच्याच्या पाण्याशी आपलं पाणी जोडलेलं, म्हणून तेराव्या शतकापासून या भागात पाण्याचा कारभार बघणारी रेनलंडची सामायिक संस्था आहे. ट्युलिपला राष्ट्राचं चिन्ह म्हणायचं असेल, तर मी त्याचं कारण या चरांत शोधेन. चारी बाजूंनी पाणी असलेल्या लोकांनी बोटभर पातळी एकमेकांशी बोलून ठरवायची सवय लावून घेतली, आणि त्या सवयीवर हे फूल वाढलं.

ऑगस्टमध्ये याच पट्ट्यात काही शेतं पाण्याखाली दिसतात. पूर आलेला नसतो, मुद्दाम भरलेली असतात. सूत्रकृमी आणि जमिनीतली बुरशी मारायला शेताला बांध घालून वीतभर पाणी सहा-आठ आठवडे उभं ठेवायचं, त्याने मातीतला प्राणवायू संपतो. पाणपक्षी येऊन उतरतात. औषधाचा थेंब न वापरता जमीन साफ करण्याची ही रीत मला फार आवडते, कारण कंदांच्या शेतीवरची फवारणी हा तिथल्या गावांमधला खरा आणि दुखरा वाद आहे. शेताला लागून राहणाऱ्यांची काळजी रास्त आहे आणि चरांच्या पाण्यात औषधांचे अंश सापडतात हेही खरं आहे. देशभरात सुमारे पंधरा हजार हेक्टरवर ट्युलिप आहे. एवढ्या क्षेत्रावरचं पीक नुसतं सुंदर आहे म्हणून प्रश्नांतून सुटत नाही.

फूल मूळचं तिथलं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तियेनशान आणि पामिरच्या डोंगरउतारांवरचं रानफूल, उस्मानी तुर्कांच्या बागांत ‘लाले’ नावाने सजलेलं. तिथून ते सोळाव्या शतकात पश्चिमेला आलं. १५६२ मध्ये इस्तंबूलहून कापडाच्या गाठींसोबत अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे काही कंद आले. कांदेच समजून त्याने काही निखाऱ्यात भाजले, तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले कोबीच्या वाफ्यात पुरले. ही हकीकत लिहून ठेवणारा वनस्पतीशास्त्रज्ञ कॅरोलस क्लुसियस १५९३ मध्ये लायडनला आला. त्याने विद्यापीठाच्या बागेत लावलेले ट्युलिप १५९४ च्या वसंतात फुलले. लोकांनी त्याच्या बागेतून कंद चोरले आणि ते पसरत गेले.

आपल्या जुन्या कागदपत्रांत डचांना ‘वलंदेज’ म्हटलेलं आहे. वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार १६३७ च्या सुमारास उभी राहिली. तिच्या भिंती आजही बघायला मिळतात. आणि १६३७ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकडे हारलेममध्ये ट्युलिपचा बाजार कोसळला. दूरच्या समुद्रावरून येणाऱ्या मालावर भरवसा ठेवून पैसे गुंतवायला सरावलेली ही माणसं. जमिनीत पुरलेल्या, न दिसणाऱ्या कंदाचा सौदा करणं त्यांना अवघड वाटलं नसणार. कंद हिवाळाभर मातीत असतो, म्हणून विक्री कागदावर. किंमत वजनावर, आणि वजन ‘आस’ या मापात, म्हणजे ग्रॅमचा विसावा भाग. मद्यालयाच्या मागच्या खोलीत सौदे होत. लोक याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. सेम्पर ऑगस्टस या पांढऱ्यावर लाल ज्वाळा असलेल्या ट्युलिपच्या एका कंदाला दहा हजार गिल्डर सांगितले गेले, तेव्हा कारागिराची वर्षाची कमाई साधारण तीनशे गिल्डर होती.

पण देश देशोधडीला लागला, माणसांनी कालव्यात उड्या टाकल्या, या गोष्टी उपदेशपर पत्रकांतून आणि पुढे १८४१ मध्ये चार्ल्स मॅके या स्कॉटिश लेखकाच्या पुस्तकातून पसरल्या. इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी नोटरींची दप्तरं तपासली, तेव्हा ट्युलिपपायी बुडालेल्यांची रांग सापडली नाही. मोठ्या रकमा देणारे मोजकेच, बहुतेक सुखवस्तू आणि एकमेकांना ओळखणारे. तुटला तो शब्दावरचा विश्वास. १६३८ च्या मे महिन्यात हारलेमने ठरवलं, की खरेदीदाराने ठरलेल्या किमतीच्या साडेतीन टक्के द्यावेत आणि सौद्यातून सुटावं. ट्युलिपवर मूर्खपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हा तोडगाही सांगायला हवा. आणि वारा वाहून गेला तरी शेती राहिली. आजही बराच व्यवहार कंद जमिनीत उभे असतानाच होतो, फरक इतकाच की आता त्याची नोंद, तपासणी आणि हमी असते.

ज्या ज्वाळांसाठी लोक वेडे झाले, त्या आजाराच्या खुणा होत्या. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी ते दाखवून दिलं. मावा कीड विषाणू पसरवते, विषाणूमुळे पाकळीतला वरचा रंग जागोजाग धरत नाही आणि खालचा पांढरा किंवा पिवळा उघडा पडतो. असा कंद दरवर्षी अशक्त होतो, पिल्लं कमी देतो. दुर्मीळ म्हणून महाग आणि आजारी म्हणून दुर्मीळ. आता वसंतात रोगी झाडं हुडकणारी माणसं ओळी-ओळीने शेत चालतात आणि रेघ दिसली की झाड कंदासकट उपटतात. ढगाळ दिवस चांगला, कडक उन्हात रेघ लपते. पांढऱ्या-पिवळ्या वाणांत तर फुलावर काही दिसतच नाही, पानांवरची फिकट चिरीच ओळखावी लागते. ही नजर तयार व्हायला काही हंगाम जातात. आता कॅमेरे लावलेले रोबो ते काम शिकताहेत. शिकावंही, कारण नजर असलेली माणसं म्हातारी होत चालली आहेत. जुने वाण बघायचे तर लिमेन गावच्या हॉर्टस बल्बोरम या बागेत. १५९५ चा डुक फान टोल तिथे अजून फुलतो आणि १६२० चा झोमरस्खोन, म्हणजे ‘उन्हाळ्याचं सौंदर्य’, चार शतकं तोच विषाणू अंगावर वागवत उभा आहे.

पोटाची गोष्ट उरते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपलं. सुमारे वीस हजार माणसं मेली. युद्धामुळे निर्यात थांबलेली, कंद पडून होते. मग ते शिजवून खायचं ठरलं. तपकिरी साल काढायचं, कंद उभा चिरून मधला पिवळा कोंभ आठवणीने टाकून द्यायचा, कारण तो बाधतो, आणि उरलेलं बटाट्यासारखं उकडायचं, किसून सूपात घालायचं किंवा वाळवून पीठ करायचं. चव आधी गोडसर, मागून कडवट. डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद विषारी, त्यामुळे ओळख चुकली तर जीवाशी गाठ. ज्या पिढीने हे खाल्लं, तिच्यातल्या अनेकांना पुढे ट्युलिपकडे निव्वळ फूल म्हणून बघता आलं नाही. आणि त्या हिवाळ्यानंतर चार-पाच वर्षांत, १९४९ मध्ये, वीस कंदवाल्यांनी एकत्र येऊन लिसेला क्युकेनहॉफची बाग उभी केली. १९५० मध्ये ती लोकांसाठी उघडली.

बत्तीस हेक्टर, सत्तर लाख कंद, हाताने लावलेले. बाग आठ आठवडेच उघडी, म्हणून एकाच वाफ्यात थरांनी लागवड करतात, खाली उशिराचा ट्युलिप, वर लवकरचा, सर्वांत वर क्रोकस. म्हणजे एक ओसरला की दुसरा वर येतो. हंगाम संपला की सगळं खणून काढतात आणि शरदात नवे कंद. अमिताभ आणि रेखा याच फुलांमधून चालले, तेव्हापासून आपल्याकडे ट्युलिप म्हणजे हॉलंड हे समीकरण पक्कं झालं. बाहेरच्यांनी ते पक्कं केलं, हेही खरं. ॲमस्टरडॅमच्या ट्युलिपचं सर्वांत प्रसिद्ध गाणं मुळात जर्मन भाषेत लिहिलेलं आहे. २०२० मध्ये सरकारने ‘हॉलंड’ हे नाव बाजूला ठेवून ‘नेदरलँड्स’ वापरायचं ठरवलं, पण नव्या बोधचिन्हात केशरी ट्युलिप ठेवलाच.

पुण्या-नाशिकच्या गॅलरीत तो फुलवायचा असेल, तर थंडी दिलेला कंद घ्यावा, डिसेंबरात सावलीच्या कुंडीत लावावा. फूल येईल. तो कंद पुढच्या वर्षासाठी जपण्यात अर्थ नाही. फुलानंतरचे सहा-आठ थंड आठवडे कोकण सोडाच, घाटावरही मिळत नाहीत आणि ऊन चढलं की पान वाळून कंद पोकळ राहतो.

घरोघरचा डच ट्युलिप यापेक्षा साधा आहे. जानेवारीत संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार दाटतो, तेव्हा बाजारातून दहा फुलांची जुडी घरी येते आणि जेवणाच्या टेबलावर बसते. सण नाही, पाहुणा नाही. तिसऱ्या शनिवारी ॲमस्टरडॅममध्ये दोन लाख फुलं फुकट तोडू देतात, तिथून ट्युलिपचा हंगाम सुरू झाला असं मानतात. पाकळ्या मिटलेल्या, जेमतेम रंग दिसणारी जुडी निवडावी. देठ वितळल्यासारखे वाकले असतील तर कागदात घट्ट गुंडाळून तासभर थंड पाण्यात उभी करावी. फुलदाणीत पाणी चार-पाच बोटंच. डॅफोडिलसोबत ठेवू नये, त्याचा चिकट रस ट्युलिपला मारतो. देठ कापल्यानंतरही वाढत राहतो, दोन-तीन सेंटिमीटर सहज, आणि खिडकीकडे वळतो. रोज फुलदाणी थोडी फिरवली तर जुडी सरळ राहते. बरेच जण फिरवत नाहीत. आठव्या दिवशी पाकळ्या टेबलावर पडतात, त्या तिथेच एक-दोन दिवस राहू देतात, आणि शनिवारी दुसरी जुडी येते.